चामड्याची वाटी ते ट्रकचा क्लच

धुळ्याजवळचा लळिंग घाट किंवा चाळीसगावहून वर जाणारा कन्नड घाट चढताना ट्रकचालकाला वारंवार गिअर बदलावा लागतो. दर वेळी डावा पाय क्लचवर! जुन्या पुष्कळ ट्रकांत पायाचा जोर लोखंडी दांड्यांमधून क्लचपर्यंत जातो. सांधे झिजतात, गंजतात आणि बराच जोर घर्षणातच खर्ची पडतो. म्हणून काही मालक दांड्या काढून तेथे तेलाच्या नळीने जोडलेले दोन सिलिंडर बसवून घेतात. हाच हायड्रॉलिक क्लच.

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे यामागचे तत्त्व. ते सांगणारा पास्कलचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापला गेला. पण द्रवदाबावर चालणाऱ्या प्रेसचे पेटंट ब्रामाने लंडनमध्ये घेतले ते १७९५ मध्ये. तत्त्व ठाऊक असूनही अडचण होती गळतीची. दट्ट्या घट्ट बसवला तर हलेना, सैल ठेवला तर पाणी निसटे. चामड्याच्या वाटीने हा पेच सोडवला. तिचे श्रेय ब्रामाचा कारागीर मॉडस्ले याला दिले जाते. दाब वाढला की वाटीची कड भिंतीला अधिक चिकटते. दाब गेला की सैल होते.

खानदेशाला हे यंत्र परके नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) भारतातील कापसाची मागणी वाढली. पुढे जळगाव-धुळे भागात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने वाढले. कापसाच्या गाठी दाबणारा हायड्रॉलिक प्रेस हा ब्रामाच्याच यंत्राचा वंशज.

क्लचच्या सिलिंडरमध्ये तीच वाटी रबराची असते. त्यात ब्रेक ऑइलऐवजी इंजिन ऑइल घातले, तर रबर फुगते आणि क्लच निकामी होतो.

सिलिंडरची मापेही जुळावी लागतात. पेडलकडचा २० मिमी व क्लचकडचा २५ मिमी व्यासाचा असेल, तर जोर सुमारे दीडपट होतो. पण पहिला दट्ट्या २५ मिमी सरकला तरी दुसरा १६ मिमीच सरकतो. तेवढ्याने क्लच पूर्ण सुटला नाही, तर गिअर खरखरतो. निसर्ग फुकट काही देत नाही!

वर्गात ५ व २० मिलीच्या दोन सिरिंज पाण्याने भरून नळीने जोडा. एकाने लहान दाबावी, दुसऱ्याने मोठी अडवून धरावी. कोण जिंकतो? मग नळीत थोडी हवा शिरू द्या. नवा क्लच बसवल्यावर मेकॅनिक आधी हवा का काढतो, हे मुले स्वतःच सांगतील.