तिमाही तक्ता

२६ जुलै १९०२ चा कोल्हापूरचा हुकूम आपण सगळेच भाषणात सांगतो. पन्नास टक्के जागा मागासांना. टाळ्या पडतात, आपण खाली बसतो. पण दोस्तांनो, तो हुकूम मी पुरता वाचला तो परवा, सूतगिरणीतली रातपाळी सुटल्यावर. त्यातलं एक कलम कुणी सांगतच नाही.

आधी हिशेब बघा. १८९४ ला शाहू गादीवर बसले तेव्हा दरबारातल्या वरच्या ७१ जागांपैकी ६० ब्राह्मणांकडे. खाली ५०० कारकुनांत ब्राह्मणेतर जेमतेम १०. म्हणजे राजा कुणी का असेना, राज्य कारकुनाचं. कुणाचा कागद पुढं सरकवायचा नि कुणाचा ढिगाखाली दाबायचा, सगळं त्याच्या बोटात.

१८८२ ला जोतीरावांनी हंटर कमिशनपुढं शेतकरी वर्गातले मास्तर मागितले होते. त्यांच्या हातात सत्ता नव्हती. शाहूंच्या हातात होती, आणि त्यांनी ती वापरली.

हुकूम निघाला तेव्हा राजा विलायतेत. रिकाम्या होणाऱ्या जागांतल्या निम्म्या मागासांना. ज्या कचेरीत मागास निम्म्याहून कमी, तिथली पुढची नेमणूक मागासाचीच. आणि शेवटी ते कलम : प्रत्येक खातेप्रमुखानं दर तिमाहीला नेमणुकांचा तक्ता सरकारात धाडायचा. राजानं कारकुनाला बरोबर ओळखलं होतं. हुकूम कुणी उघड मोडत नाही, जिरवतात.

१९१२ ला ९५ जागांत ब्राह्मण ३५ उरले. पण त्यात आपण किती? मागास म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी नि इतर पुढारलेले सोडून बाकी सगळे. त्या रांगेत आपण शेवटी, कारण अक्षरच नव्हतं. म्हणून तर बोर्डिंगं काढावी लागली. १९१८ ला कुलकर्णी वतन गेलं, पगारी तलाठी आला, अन् अस्पृश्य पोरंही तलाठी झाली. ज्या दप्तराला शिवायची बंदी, तेच काखेत मारून चावडीवर गेली असतील. मला हे हुकमापेक्षा मोठं वाटतं.

गेल्या महिन्यात भावाच्या कामासाठी एका कचेरीत गेलो. अर्धी टेबलं कंत्राटी. विचारलं, साहेब, राखीव जागा किती भरल्या, तक्ता कुठंय? साहेब हसला. म्हणाला, तू गिरणीत ना? मग तुला कशाला?

दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात अर्ज टाकलाय. तीस दिवसांपैकी आज अकरावा.