‘पर्मनंट आहे ना?’ : आयटीतली नोकरी, कंत्राट आणि स्थलांतर यांची गोष्ट

नोकरी लागली असं घरी सांगितलं की पगाराच्या आकड्याआधी एक प्रश्न येतो: ‘पर्मनंट आहे ना?’

आयटीतली आपली पिढी या प्रश्नावर जरा हसते. दोन वर्षं कंपनी, मग वर्षभर फ्रीलान्स, मग परत कंपनी, मध्येच पुण्याहून थेट टोरांटो. नातेवाईक म्हणतात, ‘या पोराचं एका जागी बूड टिकत नाही.’ आजच्या भागात मला एवढंच सांगायचंय की यात बुडाचा दोष थोडा आहे. कोण कायम, कोण कंत्राटी आणि कोणी कुठे जायचं, हे गेल्या चाळीस वर्षांत बऱ्याचदा करखात्यानं, कोर्टानं आणि व्हिसाच्या नियमांनी ठरवलंय.

आधी बघू, तो प्रश्न आपल्याकडे इतका खोल का रुजलाय. मुंबईच्या कापड गिरण्यांत कायम कामगार असायचे आणि ‘बदली’ कामगार असायचे. बदलीवाल्यानं पाळीच्या वेळी गेटवर हजर राहायचं. कोणी कायम कामगार आला नसेल तर त्याच्या जागी काम मिळणार, नाहीतर हात हलवत खोलीवर परत. १९३५ मध्ये गिरणीमालकांनी बदली कामगारांना पास द्यायला सुरुवात केली, पण पास म्हणजे रोजच्या कामाची हमी नव्हे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. बदलीवाल्यांना कायम करा, ही त्यातली एक मागणी होती. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांची चूल गिरणीच्या पगारावर पेटायची. तिथे ‘पर्मनंट’ या शब्दाचा अर्थ होता, उद्या काम आहे.

आता अमेरिकेत जाऊ, कारण आपल्या धंद्याचे बरेच नियम तिथे घडले.

१९८६ साली तिथे मोठा करसुधारणा कायदा झाला. त्यात १७०६ नावाचं एक छोटं कलम होतं. त्याआधी, १९७८ पासून, एखाद्याला कर्मचारी न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानणाऱ्या कंपनीला ठरावीक अटींवर करखात्यापासून संरक्षण मिळायचं. कलम १७०६ नं ते संरक्षण एका गटापुरतं काढून घेतलं. मध्यस्थामार्फत काम करणारे इंजिनिअर, ड्राफ्ट्समन, कॉम्प्युटर प्रोग्रॅमर, सिस्टीम ॲनालिस्ट अशी नावं घेऊनच! परिणाम काय? मध्यस्थ एजन्सी आणि कंपन्या सावध झाल्या. स्वतःच्या नावानं बिल देणारा एकटा प्रोग्रॅमर त्यांना जोखीम वाटायला लागला. त्यापेक्षा एजन्सीनं त्याला आपल्या पगारपत्रकावर घ्यावं आणि क्लायंटकडे पाठवावं, हे सोपं पडलं. म्हणजे माणूस तोच, काम तेच, फक्त मधे एक कंपनी आली.

याच काळात मायक्रोसॉफ्टमध्ये काय चाललं होतं बघा. कायम कर्मचाऱ्यांकडे निळा बॅज, कंत्राटींकडे केशरी. शेजारी बसून तेच काम, पण शेअर खरेदीची सवलत फक्त निळ्या बॅजला. १९८९-९० मध्ये करखात्यानं तपासणी केली आणि सांगितलं, तुम्ही ज्यांना फ्रीलान्सर म्हणता त्यांतले बरेच जण कर्मचारीच आहेत. कंपनीनं काहींना नोकरीत घेतलं आणि बाकीच्यांना सांगितलं, काम करायचं असेल तर एजन्सीमार्फत या. १९९२ मध्ये काही जण कोर्टात गेले. कंपनीची बाजू अशी की त्यांनी आपण स्वतंत्र कंत्राटदार आहोत, सवलती मिळणार नाहीत, असं लिहून दिलं होतं. कोर्टानं मानलं की कागदावर काय लेबल लावलंय यापेक्षा प्रत्यक्ष नातं काय आहे ते महत्त्वाचं. शेवटी २००० मध्ये ९.७ कोटी डॉलरवर तडजोड झाली.

पण याची एक विचित्र शेपूट आहे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं नियम केला: एजन्सीचा माणूस सलग ३६५ दिवस काम करणार, मग १०० दिवस सक्तीचा ब्रेक. खटला कंत्राटींच्या हक्कासाठी होता, आणि नंतर आलेल्यांना दर वर्षी काम सोडावं लागलं. अशा माणसाचा रेझ्युमे वाचून कोणी म्हणेल, ‘हा टिकत नाही.’ टिकायला परवानगीच नव्हती!

आता यात आपली माणसं कुठे आली? १९९० च्या कायद्यानं अमेरिकेत एच-वन-बी व्हिसा आणला, वर्षाला ६५,००० ची मर्यादा घालून. एजन्सीला पगारपत्रकावर माणसं हवी होती आणि भारतात इंग्रजी येणारे इंजिनिअर होते. यातून जो धंदा उभा राहिला त्याला आपण ‘बॉडी शॉपिंग’ म्हणतो. वायटूके आणि डॉटकॉमच्या तेजीत मर्यादा आधी १,१५,००० आणि मग १,९५,००० वर गेली. तेजी ओसरल्यावर २००४ च्या आर्थिक वर्षात ती परत ६५,००० वर आली. पुढे तिथल्या मास्टर्सवाल्यांसाठी २०,००० जागा वाढल्या.

या व्हिसावर माणूस कागदोपत्री कायम नोकर असतो, पण राहण्याचा हक्क मालकाच्या अर्जाला बांधलेला. स्वतःच्या जोरावर चार क्लायंट धरून फ्रीलान्स करायची सोय त्यात नाही. २००० च्या कायद्यानं एक खिडकी उघडली: नव्या कंपनीनं अर्ज केला की निकालाची वाट न बघता तिथे रुजू होता येतं. २०१७ पासून नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत मिळते. म्हणून न्यू जर्सीतला मित्र कामाला कंटाळूनही नोकरी सोडत नाही, आणि ग्रीन कार्ड हातात आल्यावर तोच कन्सल्टिंग सुरू करतो. त्याचा स्वभाव एका रात्रीत बदलला का? कार्ड बदललं.

ब्रिटनची गोष्ट तर आणखी मजेशीर. तिथे माणूस शुक्रवारी नोकरी सोडायचा आणि सोमवारी स्वतःच्या छोट्या कंपनीमार्फत कंत्राटदार म्हणून त्याच खुर्चीत बसायचा. कर कमी लागायचा ना! १९९९ च्या बजेटसोबत करखात्यानं यावर एक पत्रक काढलं. त्याचा क्रमांक ३५, म्हणून तो नियम आयआर-३५ या नावानं ओळखला जातो. एप्रिल २००० पासून तो लागू झाला. एप्रिल २०२१ मध्ये खासगी क्षेत्रातल्या मध्यम आणि मोठ्या क्लायंटवर जबाबदारी आली की हा माणूस खरा कंत्राटदार की लपलेला नोकर, हे त्यांनी ठरवावं. मग काही मोठ्या कंपन्यांनी अशी कंत्राटंच बंद केली आणि कित्येक जण पुन्हा पगारावर आले.

आणि आपल्याकडे? इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली आणि १९८३ मध्ये बंगळुरूला गेली, कारण भारतातला पहिला क्लायंट, मायको, तिथे होता. कंपन्यासुद्धा कामामागे गाव सोडतात! त्या काळी डेटाची लाईन नव्हती, म्हणून कोड पाठवण्याऐवजी माणूस पाठवला जायचा. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सनं बंगळुरूत उपग्रहाच्या लिंकवर काम सुरू केलं. १९९१ मध्ये एसटीपीआय ही सरकारी संस्था झाली. पुणे, बंगळुरू आणि भुवनेश्वर ही तिची सुरुवातीची केंद्रं. लाईन आली तसं काम हिंजवडीपर्यंत चालत आलं. पुढे २०१६-१७ पासून कलम ४४एडीए आलं: आयटीसारख्या व्यवसायात ५० लाखांपर्यंतच्या जमेवर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरता येतो. २०२३ मध्ये, जवळपास सगळे पैसे बँकेतून येत असतील तर, ही मर्यादा ७५ लाख झाली. परदेशी क्लायंट धरून कोल्हापुरात बसून काम करायचं गणित आज जमतं, त्यामागे हे कलम आणि घरात आलेली फायबर लाईन आहे.

मग मनाला काहीच किंमत नाही का? आहे. कोणाला आईवडिलांजवळ राहायचंय, कोणाला एकच कोडबेस बघून कंटाळा आलाय. पण मन कधी पाऊल टाकतं, ते बहुतेक वेळा नियम ठरवतो.

म्हणून पुढची ऑफर आली की पगाराखेरीज चार गोष्टी विचारा. आजारी पडलो तर खर्च कोणाचा? त्या देशात राहायचा हक्क माझ्या नावावर की मालकाच्या? पीएफ, ग्रॅच्युइटी, शेअर यातलं खरंच काय मिळणार? आणि हे काम उद्या थांबलं तर हातात किती दिवस आहेत? गिरणीच्या गेटवर उभ्या असलेल्या बदली कामगाराला यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर पक्कं माहीत होतं: एकही नाही. तुमचं उत्तर आकड्यात काढा आणि मग सही करा.