पाटी पुसण्याचें मोल

पुणें शहराच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्याच्या वेशीवर बावधन हें गांव आहे. तेथून मावळतीकडे गेलें म्हणजे मुळशीचा जलाशय लागतो. आणि बावधनला लागूनच पाषाण आहे. एके ठिकाणीं पाण्यापासून वीज निर्माण होते, दुसऱ्या ठिकाणीं वीज खर्चून गणितें सोडविलीं जातात. ह्या दोन ठिकाणांकडे नीट पाहिलें तर एका थोर शास्त्रीय वादाचें मर्म ध्यानांत येतें. विश्वांत विचार अखंड चालूं शकेल, कीं त्याचीही शिदोरी मोजकीच आहे?

ज्या धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह सुरू झाला व ज्या लढ्याचें नेतृत्व सेनापति बापटांनीं केलें, त्या धरणाचें पाणी सह्याद्रि ओलांडून सुमारें ५०० मीटर खालीं भिऱ्यास उतरतें. कोंकणांत पोहोंचल्यावरही पाणी तेवढेंच असतें. खर्ची पडलेली असते ती त्याची उंची. उष्णतेचेंही असेंच आहे. काम होतें तें उष्ण व थंड ह्यांतील अंतरामुळें. हें अंतर विश्वभर हळूहळू मावळत जातें, असें केल्व्हिन ह्यांनीं १८५२ सालीं प्रतिपादिलें. आणि सर्वत्र एकच तपमान झालें म्हणजे सर्व व्यापार थांबतील, असा निष्कर्ष हेल्महोल्ट्झ ह्यांनीं १८५४ सालीं काढला.

आतां पाषाणकडे वळावें. तेथील उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचा ‘अर्क’ हा महासंगणक २०२४ सालीं राष्ट्रास अर्पण झाला. त्याची कमाल गति सेकंदास सुमारें ११,७७० लाख कोटी गणितक्रिया इतकी आहे. अशा यंत्रास निसर्ग कमींत कमी किती दाम मागतो? रॉल्फ लँडॉअर ह्यांनीं १९६१ सालीं दिलेलें उत्तर विलक्षण आहे. अटळ खर्च आहे तो पाटीवर लिहिण्याचा नव्हे, पाटी पुसण्याचा! माहितीचा एक लहानांत लहान अंश कायमचा पुसला कीं ठराविक उष्णता बाहेर पडलीच पाहिजे. एका ज्यूलचे एकावर एकवीस शून्यें इतके भाग केले, तर नेहमींच्या तपमानास त्यांतील सुमारें तीन भाग! आजचीं यंत्रें ह्याच्या हजारों पट ऊर्जा घेतात, ही गोष्ट वेगळी. न पुसतांही गणित करतां येईल, असें चार्ल्स बेनेट ह्यांनीं १९७३ सालीं दाखविलें. परंतु पाटी अमर्याद नसेल तर केव्हां ना केव्हां ती पुसावीच लागते.

मात्र हा दाम तपमानाच्या प्रमाणांत घटतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळें तें थंड होत आहे. आज अवकाशांतील प्रारणाचें तपमान निरपेक्ष शून्याच्या वर सुमारें २.७ अंश आहे. ह्या थंडीचा लाभ घेऊन, विचार मंद करीत व मधून मधून निद्रा घेत, बेताच्या ऊर्जेवर अनंत काळ चिंतन चालवितां येईल, असा हिशेब फ्रीमन डायसन ह्यांनीं १९७९ सालीं मांडला.

दुसरी आशा पुण्यास परिचित आहे. बाँडी, गोल्ड व हॉइल ह्यांनीं १९४८ सालीं स्थिर स्थितीचा सिद्धान्त मांडला. विश्व पसरतें, तरी नवें द्रव्य उत्पन्न होत राहतें; मग कणगी रिती होण्याचें भयच नाहीं. हॉइल ह्यांचे शिष्य डॉ. जयंत नारळीकर ह्यांनीं हा पक्ष समर्थपणें मांडला. १९६५ सालीं अवकाशांतील प्रारणाचा शोध प्रसिद्ध झाला आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ महास्फोटाकडे वळले. तरीही नारळीकर, हॉइल व बर्बिज ह्यांनीं १९९३ सालीं सुधारलेला सिद्धान्त पुढें ठेवला. तो बहुमान्य झाला नाहीं. २० मे २०२५ रोजीं पुण्यांत त्यांचें निधन झालें, तोंवर त्यांनीं आपला प्रश्न सोडला नव्हता.

१९९८ सालीं विश्वाचें प्रसरण वेग घेत असल्याचें आढळलें. ह्या वेगास कारण मानलेल्या कृष्ण ऊर्जेचा अभ्यास, नारळीकरांनीं १९८८ सालीं गणेशखिंडींत उभारलेल्या ‘आयुका’ संस्थेंतच, वरुण साहनी व थाणू पद्मनाभन् ह्यांनीं केला. संस्थापकाच्या मताच्या आड येणाऱ्या संशोधनास त्यांच्याच संस्थेंत जागा होती, ही गोष्ट पुण्याच्या विद्यापरंपरेस भूषणावह आहे.

ह्या शोधानें डायसनचा हिशेब मात्र बिघडला. दूरच्या दीर्घिका कायमच्या क्षितिजाआड जातात, म्हणून त्यांची ऊर्जा हातीं येत नाहीं. आणि त्या क्षितिजासही अत्यल्प कां होईना, स्वतःचें तपमान आहे. त्याखालीं थंडी उतरत नाहीं. म्हणजे पुसण्याचा दाम शून्यास पोहोंचत नाहीं आणि थैली मर्यादित राहते. क्रौस व स्टार्कमन ह्यांनीं २००० सालीं प्रसिद्ध केलेल्या लेखांत ह्यावरून असा निर्णय दिला कीं, अशा विश्वांत विचारांची एकूण संख्या सांतच राहील.

कृष्ण ऊर्जा सदैव एकसारखी राहील, हें ह्या निर्णयामागील गृहीत आहे; तें तपासण्याचें काम चालूं आहे. तें खरें ठरलें तर भिऱ्यास उतरलेल्या पाण्याप्रमाणें विश्वाचीही उंची एके दिवशीं सरेल. तो दिवस कल्पनेपलीकडे दूर आहे. पण विचार फुकट होत नाहीं, हा धडा पाषाणच्या यंत्रास आजही लागू आहे.