उस्मानाबाद जिल्ह्यातील गर्भाशयमुख कर्करोग तपासणी : उपलब्धता, गुणवत्ता आणि खर्च यांचा एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

आरोग्यसेवेच्या अभ्यासात तीन प्रश्न नेहमी एकत्र येतात. सेवा सामान्य माणसापर्यंत पोहोचते काय, पोहोचलेल्या सेवेने खरोखर प्राण वाचतात काय आणि तिचा खर्च समाजाला पेलवतो काय, हे ते तीन प्रश्न होत. या तिन्हींची एकाच भूभागात, एकाच काळात मोजदाद झाल्याची उदाहरणे थोडी आहेत. मराठवाड्यातील तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे २०२३ पासूनच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेला गर्भाशयमुख कर्करोगाचा तपासणी-अभ्यास हे त्यांपैकी एक महत्त्वाचे उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या अभ्यासाची पार्श्वभूमी, त्याचे निष्कर्ष आणि त्यातून उपस्थित झालेले प्रश्न यांचा आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी

१९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याला लागून असलेली बार्शी मात्र ब्रिटिश अमलाखालील सोलापूर जिल्ह्यात होती. १८९७ मध्ये सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचली आणि बार्शीची बाजारपेठ मराठवाड्यातील गावांशी जोडली गेली. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९६० मध्ये महाराष्ट्राची स्थापना झाली. त्यामुळे राज्याची सीमा पुसली गेली, तरी जुने दळणवळण टिकून राहिले. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला. उस्मानाबाद जिल्ह्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यास मात्र २०२२ साल उजाडावे लागले. कर्करोगाच्या उपचारासाठी या भागातील रुग्णांना जिल्ह्याबाहेर जावे लागणे, ही दीर्घकाळची वस्तुस्थिती होती.

या संदर्भात बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कर्करोग रुग्णालयाचे कार्य उल्लेखनीय ठरते. १९८७ मध्ये येथे भारतातील पहिली ग्रामीण लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी सुरू झाली. तिच्या कार्यक्षेत्रात बार्शी तालुक्यासह उस्मानाबाद जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके होते. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदपत्रांवर चालते; परंतु खेड्यातील अनेक रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नाहीत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव जात, लक्षणांची माहिती देत आणि संशयित रुग्णांना तपासणीस आणत. स्त्रियांमधील कर्करोगांत गर्भाशयमुखाचा कर्करोग अग्रस्थानी असल्याचे या नोंदींतून दिसून आले. लक्षणांविषयी जागृती वाढल्यावर रोग तुलनेने लवकरच्या अवस्थेत लक्षात येऊ लागला, हाही त्यातील एक महत्त्वाचा निष्कर्ष होता.

अभ्यासाची रचना

गर्भाशयमुखाचा कर्करोग मानवी पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, दीर्घकालीन संसर्गातून होतो. हा संबंध शोधणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत अनेक वर्षे जातात आणि या अवधीत पूर्वावस्था ओळखून उपचार केल्यास रोग टाळता येतो. पाश्चात्त्य देशांत पेशी तपासणीने, म्हणजे पॅप चाचणीने, मृत्यू घटले होते. परंतु प्रयोगशाळा व तज्ज्ञ यांची उणीव असलेल्या प्रदेशात कोणती चाचणी उपयोगी पडेल, हा प्रश्न अनिर्णीत होता.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी मुंबईचे टाटा मेमोरियल केंद्र, बार्शीचे रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्यों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी हा अभ्यास हाती घेतला. बिल अँड मेलिंडा गेट्स फाउंडेशनने त्यास अर्थसाहाय्य दिले. गावांचे ५२ समूह करण्यात आले आणि ३० ते ५९ वयोगटातील १,३१,७४६ निरोगी स्त्रियांची चार गटांत विभागणी झाली. एका गटास एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यास पेशी तपासणी आणि तिसऱ्यास व्हीआयए, म्हणजे अ‍ॅसिटिक आम्ल लावून उघड्या डोळ्यांनी केली जाणारी तपासणी, देऊ करण्यात आली. चौथा तुलनागट होता.

उपलब्धता आणि गुणवत्ता

ऑक्टोबर १९९९ ते नोव्हेंबर २००३ या काळात निमंत्रित स्त्रियांपैकी जवळपास ७९ टक्के स्त्रियांनी तपासणी करून घेतली. ग्रामीण स्त्रिया अशा तपासणीस तयार होत नाहीत, हा समज त्यामुळे निराधार ठरला. तथापि सहभागी स्त्रियांमध्ये तरुण, शिक्षित आणि विवाहित स्त्रियांचे प्रमाण अधिक होते. सेवा दारापर्यंत आली तरी निरक्षर, वयस्क व एकट्या स्त्रिया मागे राहतात, हेही येथे स्पष्ट होते.

अभ्यासाचे निष्कर्ष २००९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाले. एचपीव्ही गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ स्त्रिया या कर्करोगाने मृत्यू पावल्या. तुलनागटातील ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४. पुढच्या अवस्थेतील रोगाचे रुग्ण अनुक्रमे ३९ आणि ८२ होते. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला. पेशी तपासणी आणि व्हीआयए या गटांत मात्र अशी लक्षणीय घट आढळली नाही. तामिळनाडूतील दिंडिगल येथील अभ्यासात (२००७) व्हीआयएने मृत्यू सुमारे ३५ टक्क्यांनी घटले होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि प्रशिक्षणावर अवलंबून असलेल्या पद्धतीचा दर्जा स्थळानुसार बदलू शकतो.

खर्च

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार या जिल्ह्यात एक हजार पात्र स्त्रियांमागे व्हीआयएला सुमारे ३,९०० डॉलर, पेशी तपासणीला ६,६०० डॉलर आणि एचपीव्ही चाचणीला ११,८०० डॉलर खर्च येत होता. म्हणजे जी चाचणी सर्वाधिक परिणामकारक ठरली, तीच सर्वांत महाग होती. २०१६ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत ३० ते ६५ वयाच्या स्त्रियांसाठी व्हीआयएची निवड झाली, तिचे मर्म या आकड्यांवरून समजू शकते. पुढे २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीस प्राधान्य दिले.

तुलनागटाचा प्रश्न

तुलनागटातील स्त्रियांना रोगाची लक्षणे व उपलब्ध सेवा यांविषयी माहिती देण्यात आली; तपासणी देण्यात आली नाही. भारतात त्या काळी संघटित तपासणी कार्यक्रम नसल्याने प्रचलित सेवेशी तुलना करणे योग्य होते, अशी संशोधकांची भूमिका होती. उलट, तपासणीने मृत्यू घटतात हे अन्यत्र ठाऊक असताना स्त्रियांना तपासणीविना ठेवणे कितपत न्याय्य, असा आक्षेप २०१४ मध्ये इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्समधून घेण्यात आला. दोन्ही बाजूंचा युक्तिवाद एकाच वस्तुस्थितीवर उभा होता, ती म्हणजे सेवेचा अभाव. ६४ हा आकडा केवळ सांख्यिकीय तुलनेचा आधार नाही. त्यामागे तितकीच कुटुंबे आहेत.

समारोप

या अभ्यासातून असे दिसून येते की ग्रामीण भागात उत्तम दर्जाची तपासणी पोहोचवणे शक्य होते आणि स्त्रिया तिला प्रतिसाद देत होत्या. अडचण ज्ञानाची नव्हती; ती सातत्याची आणि खर्च उचलण्याच्या तयारीची होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांची गर्भाशयमुख कर्करोगासाठी कधीतरी तपासणी झाली होती. उस्मानाबादच्या स्त्रियांच्या सहभागातून सिद्ध झालेला पुरावा जगाच्या धोरणांना उपयोगी पडला. ज्या गावांतून तो पुरावा उभा राहिला, तेथील स्त्रियांना नियमित तपासणी हक्काने मिळणे, हीच त्या सहभागाची खरी परतफेड ठरेल.