कायदा जिवंत, दंड शून्य: अमेरिकेतल्या मायलेज नियमांची पन्नास वर्षांची ओढाताण

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ४ जुलै २०२५ रोजी कर आणि सरकारी खर्चासंबंधीच्या एका मोठ्या कायद्यावर सही केली. शेकडो पानांच्या त्या कायद्यात मोटारींबद्दल एक छोटे कलम होते. ठरवून दिलेले सरासरी मायलेज न गाठणाऱ्या कंपन्यांना होणारा दंड या कलमाने शून्य डॉलर करून टाकला. मायलेजचा नियम मात्र रद्द झाला नाही. कंपनीने किती मायलेज गाठायचे, हे आजही कायद्याने ठरते. नाही गाठले तर काय होणार, याचे उत्तर मात्र आता ‘काहीच नाही’ असे आहे.

मूळ कायदा १९७५ चा. तो सरळ रद्द करणे अमेरिकी संसदेला आजवर जमलेले नाही. त्यामुळे विरोधकांनी आडवाटा शोधल्या. त्यातल्या चार प्रमुख वाटा अशा.

नियम आला कुठून?

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या आणि भाव भडकले. त्या झटक्यानंतर २२ डिसेंबर १९७५ रोजी राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी ऊर्जाबचतीच्या कायद्यावर सही केली. त्यातून ‘कॉर्पोरेट अ‍ॅव्हरेज फ्युएल इकॉनॉमी’, म्हणजेच ‘कॅफे’ नियम आले. १९७८ च्या मोटारींसाठी गॅलनला १८ मैल आणि १९८५ पर्यंत २७.५ मैल असे उद्दिष्ट ठरले. अमेरिकी गॅलन सुमारे ३.८ लिटरचा असतो. आपल्या हिशोबात हे आकडे लिटरला साधारण ७.६ आणि ११.७ किलोमीटर होतात. ही मोजणी प्रयोगशाळेतली असते, रस्त्यावर गाडी त्यापेक्षा कमीच धावते.

आपल्याकडे ‘गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ असे विचारतात तेव्हा प्रश्न एका गाडीचा असतो. इथली सरासरी मात्र कंपनीने वर्षभरात विकलेल्या सगळ्या गाड्यांची आहे. जास्त पेट्रोल पिणारी गाडी विकायला बंदी नाही. तिची भरपाई होईल इतक्या कमी पिणाऱ्या गाड्याही विकल्या पाहिजेत, एवढेच. पिकअप आणि व्हॅन यांना ‘हलके ट्रक’ म्हणून वेगळे, सौम्य उद्दिष्ट मिळाले. पुढे घरगुती वापराच्या बहुतेक एसयूव्ही याच सवलतीत बसल्या.

दंडाचा हिशोबही सोपा होता. उद्दिष्टापेक्षा दर ०.१ मैलाच्या तुटीमागे सुरुवातीला ५ डॉलर, गुणिले विकलेल्या गाड्या. सरासरी १ मैलाने कमी पडलेल्या कंपनीने १ लाख गाड्या विकल्या असतील, तर दंड ५० लाख डॉलर.

पहिली वाट: पैसा अडवणे

नोव्हेंबर १९९५ मध्ये वाहतूक खात्याच्या निधीच्या कायद्यात एक अट घालण्यात आली. मायलेजचे उद्दिष्ट बदलण्याच्या कामावर या निधीतला एक डॉलरही खर्च करायचा नाही, असा तिचा अर्थ. नियम बदलायचा तर आधी अभ्यास हवा, मसुदा हवा, सुनावणी हवी, आणि या सगळ्याला पैसा लागतो. २००१ च्या आर्थिक वर्षापर्यंत ही अट दरवर्षी पुन्हा घातली गेली. नेमक्या याच काळात अमेरिकेत एसयूव्हीची लाट आली. मोटारींचे उद्दिष्ट १९९० पासून २०१० पर्यंत २७.५ वरच थांबलेले होते. हलक्या ट्रकचे १९९६ ते २००४ या काळात २०.७ वरून हलले नाही.

दुसरी वाट: अधिकारच काढून घेणे

२००७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा निकालात सांगितले की, कार्बन डायऑक्साइडसारखे वायू हवा प्रदूषणाच्या कायद्याखाली येतात. त्यामुळे पर्यावरण संस्थेलाही मोटारींच्या धुरावर मर्यादा घालण्याचा मार्ग मोकळा झाला. डिसेंबरमध्ये जॉर्ज बुश यांच्या सहीने नवा ऊर्जा कायदा आला आणि २०२० साठी ३५ मैलांचे उद्दिष्ट ठरले. बराक ओबामा यांच्या काळात दोन्ही संस्थांनी मिळून ते आणखी वर नेले.

प्रत्युत्तर एप्रिल २०११ मध्ये आले. हवामान बदलाच्या कारणावरून असे वायू रोखण्याचा पर्यावरण संस्थेचा अधिकार काढून घेणारे विधेयक प्रतिनिधिगृहात २५५ विरुद्ध १७२ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये तशाच प्रस्तावाला ५० विरुद्ध ५० मते पडली. लागणारी ६० मते मिळाली नाहीत आणि ही वाट तिथेच बंद झाली.

तिसरी वाट: नामंजुरीचा ठराव

सरकारी संस्थेने केलेला नवा नियम ठराविक मुदतीत साध्या बहुमताने नामंजूर करता येतो, असा कायदा अमेरिकेत १९९६ पासून आहे. त्यासाठी सिनेटमध्ये ६० मते लागत नाहीत. एकदा नामंजूर झालेला नियम जवळपास त्याच रूपात परत आणायचा तर नवा कायदा करावा लागतो.

२०२५ मध्ये हे हत्यार कॅलिफोर्नियावर चालले. लॉस एंजेलिसच्या धुरकट हवेमुळे या राज्याला केंद्राच्या परवानगीने धुराचे कडक नियम करता येतात. इतर राज्ये केंद्राचा किंवा कॅलिफोर्नियाचा, यांपैकी एक नियम स्वीकारू शकतात. २०३५ पर्यंत नव्या मोटारींमधून फक्त पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या बाद करण्याच्या कॅलिफोर्नियाच्या नियमाला केंद्राने डिसेंबर २०२४ मध्ये परवानगी दिली होती. संसदेने ती मोडली. सिनेटमधले मतदान ५१ विरुद्ध ४४ होते. ही परवानगी म्हणजे ‘नियम’ नव्हे, त्यामुळे असा ठराव इथे लागू पडत नाही, असा सल्ला सिनेटच्या कामकाज सल्लागारांनी दिला होता. बहुमताने तो बाजूला ठेवला. १२ जून २०२५ ला ट्रम्प यांनी सही केली आणि त्याच दिवशी कॅलिफोर्निया इतर राज्यांसह कोर्टात गेले. केंद्र मोठे की राज्य, हा जुनाच वाद या खटल्याच्या मुळाशी आहे.

चौथी वाट: दंडच शून्य

शेवटची वाट सर्वात शांत ठरली. दंडाच्या कलमाला खरोखर धार होती. २०१६ आणि २०१७ च्या मॉडेलसाठी जनरल मोटर्सला सुमारे १२.८ कोटी डॉलर भरावे लागले. मुंबईत मुख्यालय असलेल्या टाटा समूहाच्या मालकीची जग्वार लँड रोव्हरही पूर्वी दंड भरणाऱ्यांच्या यादीत होती. आता २०२२ च्या मॉडेलपासूनच दंड शून्य झाला आहे.

याचा फटका गुणांच्या बाजारालाही बसला. उद्दिष्टापेक्षा चांगली कामगिरी करणाऱ्या कंपनीला जादा गुण मिळतात आणि कमी पडलेली कंपनी ते विकत घेऊ शकते. दंडच नसेल तर हे गुण कोण विकत घेणार?

डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने आकड्यालाही हात घातला. २०३१ साठीचे ५०.४ मैलांचे उद्दिष्ट ३४.५ वर आणण्याचा प्रस्ताव आला. म्हणजे लिटरला साधारण २१.४ ऐवजी १४.७ किलोमीटर.

दोन्ही बाजूंचं म्हणणं

विरोधकांच्या मते कडक नियमांमुळे गाड्या महागतात, ग्राहकाला हवी ती मोठी गाडी मिळत नाही आणि कंपन्यांवर आडमार्गाने इलेक्ट्रिक गाड्या लादल्या जातात. समर्थकांच्या मते गाडी घेताना वाचलेले पैसे पुढे अनेक वर्षे पंपावर मोजावे लागतात, शिवाय धूर आणि तेलाची गरज वाढते. कंपन्यांची अडचण आणखी वेगळी आहे. नवे इंजिन तयार करायला काही वर्षे लागतात आणि नियम मात्र दर निवडणुकीनंतर फिरतो.

भारतात काय?

भारतातही कंपनीची सरासरी मोजणारे ‘कॅफे’ नियम आहेत. ऊर्जा संवर्धन कायद्याखाली पहिला टप्पा २०१७ मध्ये आणि दुसरा २०२२ मध्ये सुरू झाला. २०२२ च्या दुरुस्तीने दंड थेट गाडीमागे ठरवला: १०० किलोमीटरमागे ०.२ लिटरपर्यंत जादा इंधन लागले तर गाडीमागे २५,००० रुपये, त्याहून जास्त लागले तर ५०,००० रुपये. तिसरा टप्पा एप्रिल २०२७ पासून आणण्याचा प्रस्ताव आहे आणि छोट्या गाड्यांना किती सवलत द्यायची, यावर कंपन्यांमध्ये जुंपली आहे. चर्चा मायलेजच्या आकड्याची होते. अमेरिकेचा अनुभव पाहता दंडाच्या आणि सवलतीच्या कलमांकडेही तितकेच लक्ष ठेवावे लागेल.