महाडची पेठ : एका उंबरठ्याचा इतिहास

शिवथर खोऱ्याचे नाव निघाले की प्रथम आठवते ती शिवथरघळ. समर्थ रामदासस्वामींच्या वास्तव्याने व ‘दासबोधा’च्या लेखनाने पावन झालेले हे स्थान इ. स. १९३० मध्ये धुळ्याचे शंकर श्रीकृष्ण देव यांनी शोधून काढले आणि तेव्हापासून या दुर्गम खोऱ्याची वाट भाविकांना परिचित झाली. परंतु या खोऱ्याला दुसराही एक इतिहास आहे. तो बाजारहाटाचा आहे. आंबे शिवथर, कुंभे शिवथर आणि कसबे शिवथर अशी येथील गावांची नावे. यांतील ‘कसबे’ हा शब्द अर्थपूर्ण आहे. कसबा म्हणजे आसपासच्या मुलखाचे मुख्य गाव. तथापि मीठ, कापड, तेल, गूळ आणि लग्नकार्याचा बस्ता यांसाठी शिवथरकरांची, वरंधकरांची व पोलादपूरकरांची पावले पिढ्यान् पिढ्या वळली ती महाडच्या पेठेकडे. या पेठेतील दुकाने, खानावळी आणि चहाची हॉटेले यांचा इतिहास म्हणजे एका अर्थी या संपूर्ण खोऱ्याचा इतिहास होय.

बंदर आणि पेठ

सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या काठी वसलेले महाड हे प्राचीन काळापासून व्यापाराचे ठिकाण आहे. शहरालगतच्या गांधारपाले येथील बौद्ध लेण्यांतील शिलालेखात ‘सेठि’ म्हणजे श्रेष्ठी म्हणवणाऱ्या दात्याच्या दानाची नोंद आढळते. सुमारे दोन सहस्र वर्षांपूर्वीही या भूमीत व्यापारी होते आणि आपल्या मिळकतीचा काही भाग ते धर्मकार्याकडे वळवीत होते, याची ती साक्ष आहे. पुढे रायगड ही स्वराज्याची राजधानी झाली. गडावर आजही बाजारपेठ म्हणून दाखवली जाणारी जोत्यांची दुहेरी ओळ आहे. गडाच्या पायथ्याच्या मुलखात मालाची मोठी उलाढाल करणारे ठाणे मात्र महाडच होते.

त्याचे कारण पाणी. बाणकोटच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर गलबते आत येत आणि दासगाव–महाडपर्यंत माल पोहोचे. घाटावरून वरंधा व आंबेनळीच्या वाटांनी बैलांचे तांडे आणि पुढे बैलगाड्या उतरत. समुद्राचा माल घाटाकडे आणि घाटाचा माल समुद्राकडे, अशी ही देवाणघेवाण महाडच्या पेठेत होई. पोलादपूर हे त्या वाटेवरचे विसाव्याचे ठिकाण. एक वाट महाबळेश्वराकडे, तर दुसरी कशेडी घाटाने खेडकडे जाते. जेथे वाटा मिळतात तेथे विसावा लागतो आणि जेथे विसावा तेथे चूल पेटते. या मुलखातील खानावळींचे मूळ असे वाटांच्या संगमावर आहे.

पेठेला वर्षातून एकदा विशेष भरती येई, ती ग्रामदैवत वीरेश्वराच्या छबिन्याला. महाशिवरात्रीच्या सुमारास भरणाऱ्या या उत्सवात पंचक्रोशीतील ग्रामदेवतांच्या पालख्या महाडात येतात. मिठाई, खेळणी, भांडी, बांगड्या यांची दुकाने लागतात. खोऱ्यातील कुटुंबाची वर्षाची मोठी खरेदी आणि वर्षाची मोठी मौज एकाच दिवशी होई.

गिऱ्हाईक होते, बैठक नव्हती

या गजबजलेल्या पेठेचे एक दुसरे चित्रही इतिहासाने नोंदवून ठेवले आहे. ते सुखद नाही. परंतु सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत केवळ गौरवाच्याच गोष्टी याव्यात असा नियम नाही.

खेड्यांतून लाकूडफाटा, गवताचे भारे घेऊन जी माणसे पहाटे निघून महाडला येत, त्यांत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाची माणसे मोठ्या संख्येने असत. त्यांचा माल बाजाराला चाले, त्यांचा पैसा दुकानदाराला चाले. मात्र हॉटेलच्या बाकावर बसून चहाचा कप ओठांना लावण्याची मुभा त्यांना नव्हती. गावाच्या मध्यभागी चवदार तळे पाण्याने भरलेले होते, पण त्या पाण्यालाही त्यांना हात लावता येत नव्हता. ज्या समाजात पाणी गाळून पिण्याचा संस्कार बालपणापासून होतो, त्याला पाण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. डोंगर उतरून आलेल्या, डोईवरचा भारा नुकताच उतरवलेल्या माणसाला भर बाजारात घोटभर पाणी मिळू नये, ही त्या काळची रीत होती. रीत म्हणूनच ती कोणाला खटकत नव्हती.

इ. स. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावास मुंबई कायदे कौन्सिलने मान्यता दिली. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या वा चालविलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने सर्वांस खुले असावेत, असा त्याचा आशय होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये त्यानुसार चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. परंतु ठराव कागदावर राहिला. शिवाय या ठरावाच्या कक्षेत सार्वजनिक मालमत्ता होती, खासगी दुकान वा चहाचे हॉटेल नव्हते. तेथील उंबरठा दुकानदाराच्या मर्जीवर आणि समाजाच्या धाकावर अवलंबून होता.

चहाचे एक हॉटेल

अशा काळात महाडच्या बाजारात चहाचे एक लहानसे हॉटेल उघडले गेले. त्यामागील प्रेरणा रामचंद्र बाबाजी मोरे या तरुणाची होती. महाडजवळच्या लाडवली येथे १९०३ मध्ये जन्मलेल्या मोरे यांना महाडच्या इंग्रजी शाळेत प्रवेश मिळविण्यासाठीही झगडावे लागले होते. बाजाराला येणाऱ्या आपल्या बांधवांना टेकायला जागा नाही आणि प्यायला पाणी नाही, हे ते रोज पाहत होते. त्यावर त्यांनी शोधलेला उपाय व्यापारी मनाला चटकन उमजावा असा होता. जेथे गिऱ्हाईक आहे आणि सोय नाही, तेथे दुकान काढावे.

या हॉटेलात चहाबरोबर आणखी एक गोष्ट मिळे. मोरे तेथे बसून लोकांची पत्रे व अर्ज लिहून देत. कोणाची जमिनीची तक्रार, कोणाची सावकाराविषयी, कोणाची गावकीविषयी. निरनिराळ्या गावांची माणसे एका बाकावर बसली आणि प्रत्येकाचे गाऱ्हाणे एकच आहे हे त्यांना उमगले. या भेटीगाठींतूनच परिषद भरविण्याच्या विचाराने मूळ धरले. चहाच्या दुकानाला गावगप्पांचे ठिकाण म्हणून नावे ठेवण्याची आपल्याकडे पद्धत आहे. महाडच्या या हॉटेलातील गप्पांनी मात्र देशाच्या इतिहासाला वळण दिले.

चाळीस रुपयांचे पाणी

दि. १९ व २० मार्च १९२७ रोजी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या अध्यक्षतेखाली भरली. परिषदेला आलेल्या लोकांसाठी पाणी विकत घ्यावे लागले आणि त्यास चाळीस रुपये पडले. भरलेल्या तळ्याच्या गावात हा खर्च करावा लागला, हे ध्यानात घेतले म्हणजे दुसऱ्या दिवशी जे घडले त्याचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. २० मार्च रोजी बाबासाहेब सर्वांसह चवदार तळ्यावर गेले आणि तेथील पाणी प्याले.

त्यानंतर वीरेश्वराच्या मंदिरातही हे लोक शिरणार, अशी अफवा उठली. जमावाने मंडपावर हल्ला केला, जेवणाचे अन्न मातीत मिळवले, गावात विखुरलेल्या प्रतिनिधींना मारहाण झाली. त्या प्रसंगी मुसलमान कुटुंबांनी कित्येकांना आपल्या घरांत आसरा दिला. पुढे पंचगव्य मिसळलेल्या १०८ घागरी पाण्याने तळ्याची ‘शुद्धी’ करण्यात आली. याच गावात नगरपालिकेचे अध्यक्ष सुरेंद्रनाथ टिपणीस आणि अनंतराव चित्रे हे सवर्ण समाजातील गृहस्थ परिषदेच्या बाजूने ठामपणे उभे राहिले, हेही तितक्याच आवर्जून सांगितले पाहिजे. रूढीचा धाक सर्वांनाच होता, पण तो सर्वांनी मानला नाही.

बाजाराने पाठ फिरवली तेव्हा

डिसेंबर १९२७ मध्ये दुसरी परिषद ठरली. या वेळी पेठेची भूमिका अधिक स्पष्ट झाली. मंडपासाठी जागा मिळेना. अखेरीस फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने आपली जागा दिली. महाडचे दुकानदार शिधा देणार नाहीत हे ओळखून संयोजकांनी धान्य व इतर सामान आगाऊ बाहेरून जमवले. प्रवासाचीही तीच कथा. तोपर्यंत मुंबईहून धरमतरमार्गे मोटारीने महाडला येण्याची सोय झाली होती. परंतु मोटारमालक ऐनवेळी नकार देतील या शंकेने बाबासाहेब व त्यांचे सहकारी २४ डिसेंबर रोजी ‘पद्मावती’ बोटीने निघाले, हरिहरेश्वरमार्गे दुसऱ्या दिवशी दासगावला उतरले आणि तेथून पाच मैल पायी चालत महाडला पोहोचले. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. तळ्यावरील सत्याग्रह मात्र न्यायालयाच्या मनाईहुकुमामुळे तहकूब ठेवण्यात आला. पुढे दहा वर्षे दावा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला.

व्यापाराच्या दृष्टीने या प्रकरणाचा विचार कमी झाला आहे. दुकान हे खासगी असते, हे खरे. पण ते रस्त्याकडे तोंड करून उघडलेले असते आणि येणाऱ्या प्रत्येकाला त्याने आमंत्रण दिलेले असते. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे देण्याघेण्याची मापे कमीजास्त ठेवणे, याची गणना केली आहे. वजन एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरे असू नये, हे तत्त्व व्यापारी घराण्यांत मुलाला गादीवर बसवतानाच सांगितले जाई. महाडच्या इतिहासाने त्यात एक भर घातली. एकाच दुकानाला दोन उंबरठे असणे हेही खोटे मापच होय.

कायद्याचा आधार

२६ जानेवारी १९५० रोजी भारताचे संविधान अमलात आले. त्यातील पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांत प्रवेश करण्याच्या, तसेच विहिरी व तलाव वापरण्याच्या बाबतीत धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांच्या कारणावरून कोणालाही आडकाठी करता येणार नाही, असे नमूद आहे. बोले ठरावात जी दुकाने व हॉटेले नव्हती, ती येथे विहिरी-तलावांच्या जोडीने आली. पुढे १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने हॉटेलात प्रवेश वा भांडी नाकारणे आणि अस्पृश्यतेच्या कारणाने माल विकण्यास नकार देणे हा गुन्हा ठरवला. संविधानातील ही दोन स्थळे, चहाचे दुकान आणि पाण्याचे तळे, महाडच्या एकाच पेठेत काही अंतरावर होती.

प्रवासाचे चित्रही पालटले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर पहिली एस. टी. धावली आणि कालांतराने कोकणच्या घाटवाटांवरही लाल गाडी आली. तिकीट काढील त्याला आसन, हा तिचा साधा नियम होता. स्थानकाभोवती हॉटेले वाढली. बंदराची पेठ रस्त्याची पेठ झाली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली. पण तिचा मार्ग शहराबाहेरून, वीर स्थानकावरून गेल्याने महाडची भिस्त महामार्गावरच राहिली.

पुराचे पाणी आणि आजची पेठ

२२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीने सावित्री व गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक जीव गेले. पाणी ओसरले तेव्हा दुकानादुकानांत चिखल होता. धान्य, कापड, औषधे, वह्या या सर्वांचा एकच लगदा झाला होता. राज्याच्या निरनिराळ्या भागांतून पिण्याचे पाणी व अन्न घेऊन माणसे आली. त्या दिवसांत पाण्याची बाटली देणाऱ्याने घेणाऱ्याची जात विचारली नाही आणि घेणाऱ्याने देणाऱ्याची विचारली नाही. ज्या पेठेत चौऱ्याण्णव वर्षांपूर्वी चाळीस रुपये मोजून पाणी घ्यावे लागले होते, त्याच पेठेत हे घडले.

आज दरवर्षी २० मार्चला चवदार तळ्यावर देशभरातून मोठा जनसमुदाय लोटतो. वडापाव, मिसळ, चहा व कोकम सरबताची विक्री त्या दिवशी जोरात असते आणि बाकावर कोण कोणाशेजारी बसला आहे, याकडे कोणाचे लक्ष नसते. शिवथर खोऱ्यातून बाजाराला आलेला माणूस आज कोणत्याही हॉटेलात शिरतो, चहा मागतो, पैसे देतो आणि निघून जातो. ही इतकी साधी गोष्ट साधी व्हावी म्हणून एका तरुणाने बाजारात चूल पेटवली होती.

पेठेचे मोठेपण तिच्या उलाढालीच्या आकड्यांत नसून तिच्या उंबरठ्यात असते. ज्यांच्या वाडवडिलांनी गादीवर बसून व्यवहार केला आणि जे आजही करीत आहेत, त्यांनी हा इतिहास पुढील पिढीस सांगावा. दुकानाची पाटी नवी होते, माल नवा होतो, वजनकाटाही नवा येतो. उंबरठा मात्र रोज सकाळी नव्याने उघडावा लागतो.