क्लोरीनचा वास आणि रूकसाहेबांची वाफ

लहानपणी नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास आला की मला वाटायचं, चला, पाणी शुद्ध आहे. आजची गोष्ट त्याच वासाची.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या पाणीपुरवठा विभागात योहानेस रूक नावाचे रसायनतज्ज्ञ होते. आधी ते बिअरच्या कारखान्यात होते. तिथे बंद बाटलीत द्रवाच्या वर साठलेली वाफ तपासून बिअरचा गंध ओळखत. तीच युक्ती त्यांनी पाण्यावर वापरली. सापडलं काय? क्लोरोफॉर्म! कुजलेल्या पानांतून नदीत उतरलेले पदार्थ आणि क्लोरीन यांच्यातून तो तयार होत होता. १९७४ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं.

मग क्लोरीन बंदच करायचं? छे! कॉलरा, टायफॉइड रोखतं तेच. त्यापेक्षा क्लोरीन घालण्याआधी पाण्यातला सेंद्रिय कार्बन कमी करायचा. पण मोजायचा कसा? पाण्यात आम्ल घालून वायूचे बुडबुडे सोडतात. क्षारांतला कार्बन उडून जातो. उरलेला सेंद्रिय कार्बन जाळून त्याचा कार्बन डायऑक्साइड करतात आणि त्यातून इन्फ्रारेड किरण सोडतात. जितके किरण शोषले जातील, तितका कार्बन जास्त. हा वायू उष्णतेचे किरण शोषतो, हे लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी १८५९ मध्येच मोजून दाखवलं होतं.

अमेरिकेने १९७९ मध्ये क्लोरोफॉर्म आणि त्याच्या भाऊबंदांवर मिळून लिटरला १०० मायक्रोग्रॅमची मर्यादा घातली.

क्लोरीनचा वास आजही मला धीर देतो. पण आता कळतं, नाकाचं काम जिथे संपतं, तिथून मोजणीचं सुरू होतं.